टोक्योला बिऱ्हाड हलतंय, शाकाहारी आहे... काय न्यायचं, काय खायचं?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. नवऱ्याची टोक्योला बदली झालीये. तो पुढच्या महिन्यात जाईल, मी आणि लेक (दुसरीत आहे) मार्चअखेर. मी शाकाहारी, अंडं चालतं, लेकीचंही तेच. नवरा सगळं खातो त्यामुळे तो निवांत आहे, "भात तर मिळतोच ना" एवढंच त्याचं म्हणणं. मी यूट्यूबवर व्हिडिओ बघून बघून चक्रावले आहे, एक जण म्हणतो शाकाहारी माणूस जपानात उपाशी राहतो, दुसरी म्हणते टोफूचा देश आहे, काळजीच नको. सासूबाईंनी पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, तीन प्रकारची लोणची आणि वर कढीपत्त्याची जुडी अशी यादी केलीये. बॅगेत नेमकं काय घ्यावं, बाहेर खायची वेळ आली तर काय मागवावं, शाळेत डब्याचं काय असतं आणि घर कोणत्या भागात बघावं? मला विचारायला सुचलं नाही असं काही असेल तर तेही सांगा.

रानजाई
अभिनंदन! मी निशिकासाईला राहते, एदोगावा वॉर्डात. सगळं एकदम लिहीत नाही, आधी खाण्याचं.

खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा (कुप्याच्या जातीतला) शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवतात आणि त्याचा पातळ कीस काढतात. तो कीस पाण्यात टाकून जो अर्क निघतो ती दाशी. कुठे त्याऐवजी निबोशी नावाची सुकी बारीक मासळी, कुठे कोम्बु हे समुद्री शेवाळ, बहुतेक वेळा मासा आणि कोम्बु एकत्र. आपण जिथे नुसतं पाणी घालू तिथे हे लोक दाशी घालतात. त्यामुळे मिसो सूप, सोबा आणि उदोन या नूडल्सचा रस्सा, थंड सोबाबरोबर येणारी बुडवून खायच्या सॉसची वाटी, टेम्पुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरची तशीच वाटी, आगेदाशी टोफू, गोडसर शिजवलेला भोपळा, ऑम्लेटची गुंडाळी, अगदी इनारीझुशीचं तळलेलं टोफूचं पाकीट, सगळ्यात मासा आहे आणि दिसत एकातही नाही. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) शाकाहारी आहे पण त्याच्याबरोबरच्या सॉसच्या पुडीत बहुधा माशाचा अर्क असतो. कप नूडल्स जवळजवळ सगळे बाद.

हॉटेलात "व्हेजिटेरियन" म्हटलं की हसून मान डोलावतात आणि सॅलडवर बेकनचे बारीक तुकडे नाहीतर ट्यूना घालून आणतात. त्यात खोडसाळपणा नसतो, त्यांच्या लेखी मांस नको म्हणजे मांसाची मुख्य डिश नको. म्हणून एक वाक्य पाठ करा, "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशि मो दामे देसु". मांस आणि मासे खाऊ शकत नाही, दाशीही नको. शेवटचा तुकडा ऐकला की वेटर आत जाऊन शेफला विचारून येतो आणि निम्म्या वेळा खिन्न चेहऱ्याने "गोमेन नासाई" म्हणतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, तो खरं बोलतोय.

तिखटजाळ
दाशीपर्यंत कोण बघत बसतं हो. मी दरवर्षी कामासाठी जातो. जपानात जाऊन रामेन, सुशी, याकितोरी खायचं नाही म्हणजे कोकणात जाऊन मासळी न खाता परत येण्यासारखं आहे. निदान मुलीला तरी मोकळं सोडा.

पिठलंभाकर
तिखटजाळ, त्यांनी मत नाही विचारलं, माहिती विचारलीये.

मुळामुठा
थोडं जुन्या माणसाकडूनही ऐका. मी २००० च्या आसपास टोक्योत होतो, वायटूकेची (२००० साल उजाडलं की संगणक गोंधळतील, ही) भीती घालून ज्या भारतीय इंजिनियरांना बोलावलं होतं त्यातला मी एक. निशिकासाई भारतीयांचं कसं झालं असं बरेच जण विचारतात, कारण अगदी साधं आहे. तोझाई या मेट्रो लाइनवरून कायाबाचो, निहोन्बाशी, ओतेमाची ही बँकांची आणि ऑफिसांची स्टेशनं वीसेक मिनिटांत गाठता येतात, आणि तिथे यूआरची घरं होती. यूआर म्हणजे सरकारी पाठबळाची गृहनिर्माण संस्था. खाजगी घर घ्यायचं तर "रेइकिन" द्यावं लागायचं, म्हणजे मालकाला परत न मिळणारी भेट, वर एजंटची फी, वर जपानी जामीनदार, आणि एवढं करून परदेशी माणूस म्हटलं की बरेच मालक नाहीच म्हणायचे. यूआरला रेइकिन नाही, जामीनदार नाही, दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाची फी नाही. मग एकाच्या मागे दुसरा असे सगळे तिथे. आता तर तिथून एक मराठी माणूस निवडूनही आलाय, योगेंद्र पुराणिक, २०१९ साली एदोगावा वॉर्डाच्या सभेवर. भारतात जन्मून जपानात निवडणूक जिंकणारा पहिला.

आमच्या वेळी तूरडाळीसाठी उएनोला आमेयोकोच्या तळघरातल्या दुकानांत जावं लागायचं. आता रानजाईबाईंच्या घरापासून चार पावलांवर मिळत असेल. तेव्हा ती यादी खरंच कमी करा.

दाशीबद्दल माझं मत तिखटजाळांच्या बाजूचं नाही आणि पूर्ण विरुद्धही नाही. मी घरी कडक शाकाहारी होतो आणि बाहेर रस्सा चालवून घेतला, कारण ऑफिसच्या लोकांबरोबर दुपारी जेवायला जाणं हाच तिथला अर्धा संसार असतो. माझा रूममेट मात्र एकदाही डगमगला नाही, रोज डबा. दोघांचंही नीट चाललं. फक्त काय चालतं आणि काय नाही ते जायच्या आधी घरी बसून ठरवा, तिथे हॉटेलात सहकाऱ्यांसमोर ठरवायला लागलं की फार ओढाताण होते.

गवतीचहा
बापरे, केवढी माहिती! मुळामुठा काका धन्यवाद. मला नाही वाटत मला रस्सा चालेल, वासानेच कळेल. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला तर तो म्हणाला कढीपत्ता तरी घे. तो नेता येतो का?

अर्धाकप
नाही!! कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या, कुंड्या काही नाही. झाडपाल्याला निर्यात करणाऱ्या देशाचं तपासणी प्रमाणपत्र लागतं, प्रवाशांच्या बॅगेलाही, आणि काही गोष्टींना तर तेही चालत नाही. मांसाचे पदार्थही बंद, म्हणजे नवऱ्याने सुक्या मटणाचं लोणचं वगैरे भरलं असेल तर आत्ताच काढा, विमानतळावर कुत्रे हुंगत फिरतात. हापूसचंही तेच. जपानने भारतीय आंब्यावर घातलेली वीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली पण ती वाफेची प्रक्रिया करून, तपासून पाठवलेल्या मालासाठी, हातातल्या पेटीसाठी नाही. रसाचे डबे तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, आमरस भागतो.

आणि औषधं. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं स्वतःपुरती एक महिन्याची नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी ऑनलाइन अर्ज करून "युन्यू काकुनिन्शो" (आयातीचं मंजुरीपत्र) घ्यावं लागतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्यांना बंदी आहे. सासूबाईंनी औषधांचा डबा भरला असेल तर एकदा नावं तपासा.

रानजाई
आज वेळ आहे, स्वयंपाकघराचं लिहून टाकते.

सुपरमार्केटची भीती बाळगू नका, आपल्या भाज्या जपानी नावाने तिथे बसलेल्या आहेत. काबोचा हा लाल भोपळ्याहून घट्ट आणि गोड, त्याचे घारगे इतके सुरेख होतात की पुण्यात गेले की मला भोपळा पाणचट लागतो. छोटी वांगी भरल्या वांग्याला. कोमात्सुना पालकासारखी शिजते आणि वर्षभर स्वस्त. दाइकॉन म्हणजे हातभर लांब मुळा, पाल्यासकट मिळाला तर पाल्याची भाजी. सातोइमो म्हणजे अळकुडी, पण अळूची पानं कुठेही विकायला दिसत नाहीत, वड्या विसरा. गोया म्हणजे ओकिनावाचं कारलं, उन्हाळ्यात भरपूर. भेंडी जाळीच्या पिशवीत आठ-दहा येतात, दोन जणांची भाजी करायची तर तीन पिशव्या, म्हणून आमच्याकडे भेंडी हा सणाचा पदार्थ. रताळी अफाट चांगली. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशीच गरम दगडांवर भाजलेली मिळतात, उपासाच्या दिवशी ऑफिसातून येताना घ्यायची. कोथिंबीर महाग, तिला "पाकुची" म्हणतात, आणि चार काड्या देतात. खिडकीत धणे पेरायचे. मिरच्या म्हणून शिशितो घेऊ नका, त्या बिनतिखट असतात, तिखट हवी तर "आओतोगाराशी".

तांदूळ चिकट असतो, वरणभाताला मला आता तोच आवडतो, पुलाव-मसालेभाताला बासमती भारतीय दुकानातून. एक सांगते, जपानी तांदूळ स्वस्त नाही. २०२५ मध्ये तर ५ किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४००० येनच्या वर गेला होता आणि टीव्हीवर रोज तीच बातमी.

आता ओटा. साध्या गॅसच्या शेगडीला दोन बर्नरच्या मध्ये एक ड्रॉवर असतो, मासे भाजायचा. त्यात आयुष्यात मासा न जाऊ देता वांगं भाजा, पापड भाजा, रताळी भाजा, वरून आणि खालून आच लागते आणि वांग्याची सालं अशी सुटतात की भरीत करायला कंटाळा येत नाही. नव्या घरांत इंडक्शन असतं तेव्हा सपाट बुडाचा तवा आणि इंडक्शनवर चालणारा कुकर आणा. मिक्सर भारतातला आणू नका, इथे वीज १०० व्होल्ट. आपला २३० चा मिक्सर कण्हत कण्हत फिरतो, ट्रान्सफॉर्मर लावला तर तो मिक्सरपेक्षा जड. काही भारतीय कंपन्या अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, तो शोधा, थोडा हळू चालतो पण चटणी होते.

थंडीत इडलीचं पीठ अजिबात फुगत नाही कारण घरं रात्री गार पडतात, सेंट्रल हीटिंग वगैरे काही नसतं. बरेचसे जपानी मायक्रोवेव्ह ओव्हन पाव आंबवण्यासाठी "हाक्को" मोडचे असतात, ३०-४० डिग्रीवर ठेवायची सोय. ओव्हन घेताना तेवढं एक बटण आहे का बघा, बाकी सगळं नंतर.

बॅगेत घ्या: गोडा मसाला, काळा मसाला, भाजणी, मेतकूट, चांगला हिंग, कुरडया-सांडगे (ते इथे कोणीच विकत नाही), पुरणयंत्र, पोळपाट-लाटणं. डाळी, कणीक, रवा, पोहे, साबुदाणा, फ्रोजन खवलेला नारळ, सगळं मिळतं.

तिखटजाळ
भोपळ्याच्या घारग्यांवर मी शरण.

नुसतावाचक
मध्ये घुसतो. तिथल्या "इंडियन रेस्टॉरंट"चं काय? मित्र म्हणाला गल्लीगल्लीत आहेत.

मुळामुठा
आहेत, आणि बहुतेक नेपाळी मंडळी चालवतात. जेवण एका साच्याचं. तिखटाचे आकडे विचारतात, आणि उशीएवढा गोडसर नान, हवे तितके. जपानी लोकांना वाटतं भारतात घरोघरी रोज नान खातात. मी पोळी म्हणून दाखवली तेव्हा सहकारी म्हणाला, "हा नानचा डाएट प्रकार का?" पण अडीअडचणीला दालकरी आणि नान हा आधार मोठा आहे, अगदी खेड्यातल्या स्टेशनाबाहेरही मिळतो.

जपानी "करी राइस" मात्र वेगळं प्रकरण. तो मेइजी काळात (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात) इंग्रजांकडून आला, भारताकडून नाही, म्हणून तो दाट, गोडसर, मैद्याने आळलेला. त्याच्या तयार वड्यांत गाईची नाहीतर डुकराची चरबी असते तेव्हा "भाज्यांची करी" हे चित्र बघून उचलू नका. अस्सल हिंदुस्थानी पद्धतीची करी जपानात रुजवली ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. १९१५ मध्ये इंग्रजांपासून लपायला त्यांना शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने आसरा दिला, पुढे त्याच घरच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं, आणि १९२७ मध्ये दुकानाने रेस्टॉरंट काढलं तेव्हा बोसांची करी त्यात आली. अजून मिळते. चिकनची आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाने नुसता बोर्ड बघून यावं.

पिठलंभाकर
शाळेचं मी सांगते, माझा मुलगा सरकारी प्राथमिक शाळेत होता (आता आम्ही नाशिकला परत आलो).

सरकारी शाळेत "क्यूशोकु" असतं, सगळ्या मुलांना एकच जेवण, वर्गातच. मुलंच पांढरे अॅप्रन आणि टोप्या घालून वाढतात, मुलंच आवरतात आणि नंतर वर्ग झाडतात-पुसतात. शिपाई नावाचा प्रकार नाही. भाताबरोबरही दूध देतात, रोज, २०० मिलीचा डबा, त्याला काही पर्याय नाही. महिन्याचा मेनू आधीच घरी येतो, प्रत्येक पदार्थात काय घातलंय त्यासकट, आणि तिथे दाशी दिसली की समजतं किती दिवस डबा द्यायचा. आम्ही शिक्षिकेला आधी भेटून सांगितलं की घरून डबा आणणार, धर्माचं कारण म्हटलं की लवकर समजतं. काही शाळा अॅलर्जीचं डॉक्टरचं पत्र मागतात, काही नाही.

मला डब्यापेक्षा त्या डब्यावर इतर मुलं काय म्हणतील त्याची धास्ती होती. मी मेनू बघून तसाच दिसणारा डबा करायची. करी राइस असेल त्या दिवशी फ्लॉवर-बटाट्याचा दाट रस्सा, पावाचा दिवस असेल तर सँडविच, पिवळ्या भाताचा दिवस असेल तर मसालेभात. काही महिन्यांनी मुलगाच म्हणाला की नको एवढं करू, थालीपीठ दे, सगळे मागतात. (देता येत नाही. अॅलर्जीमुळे डबे वाटून खायला शाळेत मनाई असते, नुसते बघतात.)

बाकी तयारी ठेवा. मापाच्या कापडी पिशव्या, बुटांची पिशवी, घरी शिवलेलं फडकं, दर वस्तूवर नाव. दर क्रेयॉनवर नाव, मी खरंच सांगतेय. शाळा एप्रिलला सुरू होते त्यामुळे तुम्ही मार्चअखेर जाताय ते उत्तम आहे, फक्त वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवल्याबरोबर त्याच दिवशी शाळेचं विचारा. मुलं आईबापांशिवाय चालत शाळेत जातात. पहिले काही दिवस मी मागून लपत जायची. संध्याकाळी पाचच्या सुमारास (थंडीत साडेचारला) गावभरच्या भोंग्यांतून एक धून वाजते, ती वाजली की मुलं खेळ टाकून घरी येतात. ते भोंगे भूकंप-पुराच्या सूचनेसाठी आहेत, रोज धून वाजवून चालतात का बघतात. मी नाशिकला आल्यावर पोराला हाका मारमारून थकले तेव्हा मला त्या भोंग्याची किंमत कळली.

निशिकासाईच्या भागात सीबीएसईच्या भारतीय शाळाही आहेत, तिथे डब्याचा प्रश्नच नाही पण फी भरपूर आणि जपानी भाषा मागे राहते. नवऱ्याच्या कंपनीने फी दिली तर विचार करा.

गवतीचहा
ताई, तुम्ही माझी अर्धी झोप परत दिलीत. सरकारी शाळाच बघतोय. लेकीला अॅप्रन घालून वाढायचं हे कळल्यावर ती आत्तापासून आजोबांना वाढतेय.

कोबेकर
टोक्योवाले नेहमी टोक्योपुरतंच बोलतात म्हणून कान्साईकडचं (ओसाका-क्योतो-कोबेच्या भागाचं) लिहितो. आमच्या कोबेला कितानो भागात जैन मंदिर आहे, १९८५ साली बांधलेलं, मोत्यांच्या व्यापारातल्या गुजराती कुटुंबांमुळे. कांदा-लसूण न खाणारं कोणी येणार असेल तर हे ठाऊक असावं.

आणि सुट्टीत एकदा कोयासानला जा. वाकायामाच्या डोंगरात, कूकाई नावाच्या भिक्षूने ८१६ मध्ये बसवलेलं मठांचं गाव, त्यातले पन्नासेक मठ प्रवाशांना राहायला खोल्या देतात. जेवण शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. दाशी लागते तिथे कोम्बु आणि वाळलेल्या शिताके मशरूमची. तिळाचं "टोफू" ज्यात सोयाबीन नसतंच, गोठवून वाळवलेलं कोयादोफू, लोणची, टेम्पुरा, सगळं बारक्या लाल-काळ्या भांड्यांत. संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात आणि पहाटे प्रार्थनेला उठवतात. माझ्या आईने संपूर्ण जपानात तिथेच ताटात काय आहे न विचारता पोटभर जेवण केलं. महाग आहे, पण जा. बुकिंग करताना एवढंच बघा की मठ पाहुण्यांना शोजिनच देतो ना.

अर्धाकप
कोबेकर, +१. टोक्यो स्टेशनात केइयो लाइनकडे जाणाऱ्या दुकानांच्या रांगेत टीज तानतान आहे, पूर्ण व्हीगन रामेन, अंडं-दूधही नाही, तिळाचा रस्सा. गेटच्या आत आहे, तिकीट लागतं. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत मांसाविरहित वेगळी करी असते, मागताना ती वेगळीच मागायची, साध्या करीत भाज्या घाला म्हणायचं नाही.

कोनबिनीत (चोवीस तास उघडी छोटी दुकानं, सेवन इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट) उभं राहून फोनचा कॅमेरा पाकिटावर धरा, भाषांतर होतं. फक्त अॅलर्जीच्या चौकटीवर जाऊ नका, बोनिटो त्या यादीत नाहीच, त्यामुळे चौकट स्वच्छ आणि आत मासा असं होतं. घटकांची पूर्ण ओळ वाचा. आणखी एक फसवा पदार्थ म्हणजे आनमान, तो लाल चवळीसारख्या आझुकीच्या गोड सारणाचा वाफवलेला पाव. बिचारा अगदी सात्त्विक दिसतो आणि सारणात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते.

गवतीचहा
आनमानबद्दल आयुष्यभर ऋणी राहीन. कचऱ्याचं फार ऐकलंय, तेवढं अवघड असतं का?

रानजाई
अवघड नाही, किचकट आहे. वॉर्डाप्रमाणे नियम बदलतात, एक रंगीत तक्ता मिळतो तो फ्रिजवर लावायचा. जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा असे दिवस ठरलेले, सकाळी आठच्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन चेपून. दुधाचा खोका धुवायचा, कापून उलगडायचा, वाळवायचा आणि सुपरमार्केटच्या पेटीत टाकायचा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, एक पावडर मिळते, गरम तेलात टाकली की गार झाल्यावर त्याची वडी होते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. (दिवाळीला चकल्या झाल्या की माझी ती वडी केवढी असते विचारू नका.) सोफा, गादी असं मोठं काही टाकायचं तर फोन करून दिवस घ्यायचा, कोनबिनीतून पैसे भरून स्टिकर आणायचं आणि चिकटवायचं. चुकलं तर पिशवी तिथेच राहते, वर सूचनेची चिठ्ठी, आणि सगळ्या इमारतीला कळतं कोणाची.

घरात शिरल्यावर वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना भेटून या, छोटी भेट घेऊन, टॉवेल नाहीतर कपड्यांचा साबण चालतो. लहान मूल आहे, आवाज होईल, सांभाळून घ्या एवढं बोला. मग पुढे फोडणीचा वास गेला तरी माणसं हसून बोलतात. रात्री नऊनंतर मिक्सर आणि वॉशिंग मशीन नाही.

मुळामुठा
आणि सुट्टीवरून परतताना ऑफिसला खाऊ न्यायचा विसरू नये, नवऱ्याला सांगा. एकेक सुटा गुंडाळलेला असावा, टेबलावर ठेवता येईल असा. पेढ्याचा डबा उघडून चमच्याने वाटायला गेलात तर कोणी हात लावत नाही. चिक्कीची छोटी पाकिटं आमच्याकडे सगळ्यात आधी संपायची.

पिठलंभाकर
गणपतीचं कोणी लिहिलं नाही अजून!

अर्धाकप
लिहितो, आवडीचा विषय. आसाकुसाजवळ सुमिदा नदीकाठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे पोचलेला आपला गणपतीच, पण इथे तो हत्तीमुखाच्या दोन आकृतींच्या आलिंगनाच्या रूपात असतो आणि मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, कायम बंद. नैवेद्य मुळ्याचा! आवारातच मुळे विकत मिळतात, लोक अख्खा मुळा देवापुढे ठेवतात, आणि ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो तेव्हा शिजवलेला मुळा प्रसाद म्हणून वाटतात. भिंतींवर, कंदिलांवर, पायऱ्यांवर मुळ्याची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली.

क्योतोला गेलात तर यासाका देवळाजवळ कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथे "सेइजो कांगिदान" मिळतं, कांगितेनला वाहायची मिठाई. वर आठ चुण्या घालून बांधलेली पुरचुंडी, तिळाच्या तेलात तळलेली, आत आझुकीचं सारण आणि दालचिनी-लवंगेसारखे सुगंधी पदार्थ. पहिल्यांदा बघून मी दुकानात मोठ्याने "अरे तळलेला मोदक!" म्हणालो. कडक इतकी की दातांचा अंदाज घेऊन खा.

गवतीचहा
काटा आला अंगावर वाचून. मग घरच्या गणपतीला उकडीचे मोदक होतात का तिथे? तांदळाची पिठी न्यावी लागेल ना?

रानजाई
अजिबात नको. "जोशिन्को" नावाचं पीठ घ्या, साध्या आखूड तांदळाचं, दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) करायला वापरतात, सुपरमार्केटच्या पिठांच्या कप्प्यात. चिकट तांदळाचं "शिरातामाको" वेगळं, ते नुसतं घेतलंत तर मोदक वाफेत पसरून भाकरी होतात. पण जोशिन्कोच्या चार वाट्यांना अर्धी वाटी शिरातामाको मिसळली तर पारी इतकी लवचिक होते की मुलंसुद्धा चुण्या घालतात. सारणाला गूळ नसेल तर ओकिनावाची काळी साखर, कोकुतो. रंग गडद येतो, चव खमंग. विसर्जन बादलीत, मूर्ती शाडूची आणा, नदीत काही सोडायची सोय नाही.

पिठलंभाकर
रानजाई, उकड काढताना पाणी किती? माझी जोशिन्कोची उकड नेहमी सैल व्हायची.

रानजाई
वाटीला पाऊण वाटीपेक्षा किंचित जास्त, पूर्ण वाटी नको. पीठ फार बारीक दळलेलं असतं, पाणी पटकन ओढतं आणि झाकून ठेवलं की पुन्हा सैल होतं. मळताना तुपाचाच हात, पाण्याचा नको.

नुसतावाचक
लोक्स, माझं ओसाकाचं तिकीट निघालं अचानक. एकच प्रश्न, ते एस्कलेटरवर एका बाजूला उभं राहायचं असतं म्हणे, कोणत्या?

कोबेकर
ओसाकाला उजव्या. टोक्योत डाव्या. क्योतोला पुढचा माणूस उभा असेल त्या.

मुळामुठा
आणि स्टेशनवाले म्हणतात दोन्ही बाजूंनी उभे राहा, चालू नका. पाट्याही लावतात. कोणी ऐकत नाही, जपानातसुद्धा.